रोबोची ऑर्डर सुटण्याआधी युनियनने काय करावं

रबाळ्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यातल्या तरुण कमिटी मेंबरने विचारलंय: 'आमच्याकडे ३४० कायम कामगार आहेत. पॅकिंग आणि लोडिंगला कंत्राटी माणसं आहेत, त्यांत बायका बऱ्याच. वर्षभरात सहा रोबो येणार असं मॅनेजमेंट म्हणतं, चार वेल्डिंगला आणि दोन पॅकिंगच्या शेवटी पॅलेट (खोकी रचायची लाकडी फळी) लावायला. कोणाची नोकरी जाणार नाही, असं एचआर तोंडी सांगतं. आमचा करार मार्चमध्ये संपतोय. अर्धे म्हणतात विरोध करा, अर्धे म्हणतात आधी पगारवाढ घ्या, रोबोचं नंतर बघू. युनियनने नक्की काय करायचं?'

मी फिटर म्हणून कामाला लागलो, मग युनिट कमिटीत आलो, आणि गेली बावीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्टा, वागळे इस्टेट, तळोजा, अंबरनाथ इथल्या कारखान्यांचे करार करतोय. त्यातल्या सात करारांत नवी मशीन किंवा रोबो हाच मुख्य विषय होता. दोन ठिकाणी आम्ही सपशेल हरलो. ती दोन्ही प्रकरणं डोळ्यांसमोर ठेवूनच लिहितोय.

आधी एक गोष्ट शोधून काढा: रोबोची ऑर्डर सुटली आहे का? बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. कोणत्याही कंपनीत रोबो 'बघू या' म्हणून येत नाही. आधी टाईम स्टडी होते, दोन-तीन व्हेंडर येऊन लाईन बघून जातात, कोटेशन येतं, मग पैसे मंजूर करण्यासाठी एक प्रस्ताव वर जातो. मशीनची किंमत किती वर्षांत वसूल होणार हे त्यात दाखवावं लागतं, आणि ते दाखवायला किती माणसं कमी लागतील हा आकडा लिहावाच लागतो. त्याशिवाय फायनान्सवाले सही करत नाहीत. म्हणजे एचआर तुम्हाला 'कोणाची नोकरी जाणार नाही' सांगतं त्या वेळी त्याच इमारतीत एका कागदावर माणसांचा आकडा लिहिलेला असतो. एचआरचा माणूस खोटं बोलत असेल असं नाही, बऱ्याचदा त्याला तो कागद दाखवलेलाच नसतो. तुम्ही मात्र तो आकडा मागा, आणि लेखी मागा.

ऑर्डर सुटली की मशीन कोणती, किती वेगाने चालणार, शेजारी माणसं किती, मेंटेनन्स कोणाकडे, हे सगळं ठरून जातं. नंतर चर्चा होते ती फक्त कोणाला कुठे हलवायचं याची. त्यामुळे चाहूल लवकर लागली पाहिजे, आणि ती शॉप फ्लोअरवर लागतेच. वेल्डिंगच्या भागात कोणी मोबाईलवर व्हिडिओ काढतंय, जमिनीवर पिवळ्या टेपने नवीन चौकोन आखलेत, कॉम्प्रेसरची नवी लाईन ओढली जातेय, या खुणा ओळखायला शिका. गेटवरच्या सिक्युरिटीला कोणता व्हेंडर कितीदा आला ते माहीत असतं. स्टोअरच्या माणसाला इंडेंट, म्हणजे सामान मागवायची चिठ्ठी, दिसतो. दर आठवड्याला या लोकांशी दहा मिनिटं बोलणं हे कमिटीचं काम आहे, आणि ते गेट मीटिंगइतकंच महत्त्वाचं आहे.

आता विरोधाबद्दल. भांडुपला एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात आम्ही विरोध केला होता. नवीन ऑटोमॅटिक लाईनच्या पेट्या आल्या तेव्हा आम्ही गेट अडवलं, पेट्या आठ दिवस ट्रकवर पडून राहिल्या. शेवटी कंपनीने त्या परत नेल्या आणि आम्ही पेढे वाटले. दीड वर्षाने कळलं की तीच लाईन त्यांनी राज्याबाहेरच्या दुसऱ्या प्लांटमध्ये बसवली. हळूहळू आमच्याकडच्या ऑर्डरी तिकडे गेल्या, ओव्हरटाईम बंद झाला, मग व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, कागद लागला. आज त्या जागेवर टॉवर आहे. पेढे वाटले त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, की आपण जिंकलो. दोनशे ऐंशी घरांचं त्यात नुकसान झालं आणि त्या निर्णयात माझा हात होता, हे मी विसरू शकत नाही.

मुंबईला हा धडा नवा नाही. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या, त्या संपाच्या मुळाशी हाच वाद होता: विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, स्पिनिंगच्या कामगाराने एका बाजूऐवजी दोन बाजू. एकजण दोघांचं काम करणार असेल तर दुसऱ्याचं काय, आणि पहिल्याला त्यातला वाटा किती? तेव्हा गिरणी कामगारांनी विचारलेला हा प्रश्न तुमच्या वेल्डिंग शॉपला जसाच्या तसा लागू पडतो. पुढे १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप यंत्रांविरुद्ध नव्हता, पण संपाच्या काळात देशातलं कापड विणायचं थांबलं नाही, ते भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर विणलं जात राहिलं. काम दुसरीकडे हलवता येत असेल तर गेटवर बसून त्याला अडवता येत नाही. माझे सासरे लालबागच्या गिरणीत होते, त्यामुळे हे मी पुस्तकात वाचण्याआधी जेवणाच्या ताटावर ऐकलंय.

याच शहरात दुसराही धडा आहे, तो आपण कमी सांगतो. बँकांमध्ये संगणक आले तेव्हा संघटनांचा सुरुवातीला कडवा विरोध होता. पण १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटना आणि बँकांच्या व्यवस्थापनांची इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात करार झाला. मशीन कुठे आणि किती बसवायच्या यावर मर्यादा ठरल्या, आणि मशीन चालवणाऱ्याला खास भत्ता ठरला. पुढे १९८७ आणि १९९३ मध्ये त्याची व्याप्ती वाढत गेली. फोर्टमधल्या बँकांत लेजर लिहिणारे कारकून त्या दहा वर्षांत संगणकावर बसले, बाहेरून वेगळी फौज आणून त्यांना उठवलं गेलं नाही. बदल टप्प्याटप्प्याने झाला, कारण त्याचा वेग संघटनांनी टेबलावर बसून ठरवला होता. गोदीचं उदाहरणही बघा. गोदी कामगारांना डॉक लेबर बोर्डामुळे काम असो-नसो, महिन्यात ठरावीक दिवसांच्या पगाराची हमी होती. १९८९ मध्ये न्हावा-शेवा सुरू झालं, माल कंटेनरमधून जायला लागला, माल ओढायचा लोखंडी आकडा खांद्यावर टाकून बोटीवर चढणाऱ्या माणसाचं काम आटलं. तरी ज्यांची बोर्डाकडे नोंदणी होती त्यांच्या पायाखाली काहीतरी जमीन होती. नोंदणीबाहेरच्या माणसाला काहीच मिळालं नाही. ही नोंदणीची गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या पॅकिंगच्या बायकांबद्दल बोलताना ती परत लागणार आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला. जुन्या कायद्यातलं कलम ९-अ, म्हणजे सेवाशर्ती बदलण्याआधी २१ दिवसांची नोटीस, ते आता कलम ४० मध्ये आहे आणि कोणत्या बदलांना नोटीस लागते त्याची यादी तिसऱ्या अनुसूचीत आहे. त्यात यंत्रसामग्री किंवा पद्धतीतली सुधारणा आहे, पण 'ज्यामुळे कामगार कपात होण्याची शक्यता आहे' अशी. इथेच मॅनेजमेंट निसटतं. ते म्हणतं, कपात नाहीच, मग नोटीस कसली? तुम्ही त्याच यादीतल्या पुढच्या बाबीवर बोट ठेवा: एखाद्या कामात, खात्यात किंवा पाळीत नेमलेल्या माणसांच्या संख्येतली घट किंवा वाढ. वेल्डिंगचे बारा जण उद्या पाच होणार असतील तर बाकीचे सात पगारावर असले तरी त्या खात्यातली संख्या घटलेलीच आहे. पत्रात हे शब्द वापरा.

दुसरा आकडा ३००. कपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा पूर्वी १०० कामगारांची होती, आता ३०० झाली आहे, आणि ती मागच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर मोजतात. तुम्ही ३४० आहात. पंचेचाळीस-पन्नास जणांनी खुशीने व्हीआरएस घेतली, रिकाम्या जागा भरल्या नाहीत, की वर्षभराने तुम्ही त्या रेषेच्या खाली. व्हीआरएस ही कपात धरत नाहीत, त्यामुळे तेव्हा कोणी काही बोलत नाही. म्हणून रोबोच्या चर्चेत व्हीआरएसचा विषय वेगळा ठेवू देऊ नका. आमच्याकडे एका ठिकाणी व्हीआरएस आधी आली आणि रोबो नंतर. आम्ही दोन्ही जोडून बघितलं नाही, तो आमचा दुसरा पराभव.

संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुन्हा कौशल्य शिकण्याचा निधी आहे: मालकाने शेवटच्या पगाराच्या हिशेबाने १५ दिवसांची रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. मिळते ती घ्यावी. पण सत्तेचाळीस वर्षांचा वेल्डर पंधरा दिवसांच्या पगारात नवीन धंदा शिकेल, असं कोणी समजू नये. शिकायचं ते नोकरीत असताना, कामाच्या वेळेत, त्याच मशीनवर. हाच माझ्या उत्तराचा गाभा आहे.

प्रशिक्षणाचं नाव काढलं की मॅनेजमेंट लगेच हो म्हणतं. दोन दिवसांचा वर्ग होतो, प्रोजेक्टरवर इंग्रजी स्लाईड दाखवतात, समोसा-चहा, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. सहा महिन्यांनी रोबोवर बाहेरचा डिप्लोमावाला मुलगा उभा असतो आणि सर्टिफिकेटवाला वेल्डर स्टोअरमध्ये पोती मोजत असतो. मी हे चार ठिकाणी पाहिलंय. म्हणून मी कमिटीला सांगतो, प्रशिक्षण मागू नका, पद मागा. रोबो ऑपरेटर, रोबो सेटर, रोबो मेंटेनन्स अशी तीन पदं करारात लिहून घ्या. कोणत्या ग्रेडची, किती जागा, आणि त्या जागा आतल्याच कामगारांतून ज्येष्ठतेने भरायच्या. प्रशिक्षण मग आपोआप त्या पदाला चिकटून येतं, कारण जागा भरायची तर कंपनीला माणूस तयार करावाच लागतो.

या तीन कामांत फरक काय ते तुमच्या लोकांना समजावून सांगा, कारण 'रोबो' म्हटलं की सगळ्यांना वाटतं कॉम्प्युटरची भाषा शिकावी लागणार. तसं नाही. ऑपरेटरला लाईन सुरू करणं, फॉल्ट आला तर वाचणं, रोबोला सुरक्षित जागी नेऊन पुन्हा चालू करणं एवढं लागतं, ते आठवड्याभरात येतं. सेटरचं काम खरं कसबाचं: हातात टीच पेंडंट, म्हणजे रोबो चालवायचा हातातला रिमोट, घेऊन रोबोला एकेक बिंदू शिकवायचा, पीस पकडणारी जिग बदलली की तो सुधारायचा, रोबोच्या टोकाचा ग्रिपर (पकड) बदलायचा. वेल्डिंगमध्ये टॉर्चचा कोन, तार किती बाहेर, वेग किती, हे सगळं तुमचा जुना वेल्डर डोळे मिटून सांगतो. बाहेरच्या इंजिनिअरला ते त्याला विचारावंच लागतं. मेंटेनन्सला ग्रीस, केबल, सेन्सर, हवेच्या लाईन आणि रोबोच्या सांध्यांची जागा सांगणाऱ्या एन्कोडरच्या बॅटऱ्या बघाव्या लागतात. ती बॅटरी वेळेवर बदलली नाही आणि मशीन बंद असताना संपली, तर रोबो आपली मूळ जागाच विसरतो आणि अख्खी पाळी त्याला पुन्हा जागेवर आणण्यात जाते. तुमच्या फिटरला आणि इलेक्ट्रिशियनला हे सहज जमेल. पण बहुतेक कंपन्या मेंटेनन्स सरळ एएमसीवर, म्हणजे बाहेरच्या कंपनीला वार्षिक कंत्राटावर, देतात. पुढची पंधरा वर्षं टिकणारं कायमचं काम नेमकं तिथे आहे. वॉरंटी संपल्यावर एएमसीऐवजी आतले फिटर हे काम बघतील, आणि बसवणीच्या काळात व्हेंडरच्या माणसांबरोबर आपले दोन फिटर पूर्णवेळ उभे राहतील, ही ओळ करारात असू द्या. मशीन उघडी असते तेव्हा जेवढं शिकायला मिळतं तेवढं नंतर कुठल्याही वर्गात मिळत नाही.

एक प्रसंग जवळून सांगतो. तळोज्याच्या एका कारखान्यात पॅलेट लावणारा रोबो आला. त्या जागी वीस वर्षं खोकी उचलणारे एक मामा होते, वय ५१, शिक्षण नववी. एक खोकं १२ किलोचं, मिनिटाला चार, सात तास धरले तरी दिवसाला वीस टनांच्या वर होतं. मामांची कंबर गेलेली होती, तरी रोबोला सर्वांत जास्त घाबरत होते तेच. कराराप्रमाणे ऑपरेटरच्या पहिल्या बॅचमध्ये त्यांचं नाव होतं. पेंडंटच्या मागे एक बटण असतं, ते दाबून धरल्याशिवाय रोबोचा हात हलत नाही. ते तीन टप्प्यांचं असतं: सोडलं की रोबो थांबतो, मधोमध धरलं की चालतो, आणि घाबरून करकचून दाबलं तरी थांबतो. मामा इतके घट्ट धरायचे की रोबो दर वेळी गचका देऊन बंद. शिकवणारा पोरगा पंचविशीतला, तो आपला हिंदीत 'हलका, हलका' म्हणत होता. शेवटी बाजूला उभा असलेला वेल्डर म्हणाला, 'मामा, लोकलचा दांडा नाही तो. अंडं धरल्यासारखं धरा.' दुपारपर्यंत मामांनी तो हात पॅलेटच्या चारही कोपऱ्यांवर नेऊन दाखवला. शिकवण्याच्या वेळी रोबोचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत ठेवतात, माणूस मागे सरकू शकेल एवढा. मामांना हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. ते कळल्यावर त्यांची निम्मी भीती गेली.

खरी गोष्ट पुढे आहे. जुलैमध्ये रोबोच्या हातून खोकी पडायला लागली. इंजिनिअरने पंप तपासला, हवा ओढून खोकं धरणारे व्हॅक्यूमचे कप बदलले, दोन दिवस गेले. मामांनी खोक्याच्या वरच्या फ्लॅपवर तळवा ठेवला आणि म्हणाले, पुठ्ठा दमट आहे. स्टोअरमधली खोकी शटरच्या बाजूला ठेवलेली, पावसाळ्यात ती ओल धरतात, पुठ्ठा नरम पडतो, कप वरून ओढतो तेव्हा तो वाकतो आणि हवा आत शिरते. आम्ही हाताने उचलताना पावसाळ्यात खालून आधार द्यायचो, म्हणाले. खोकी आतल्या कोरड्या खोलीत हलवली, आणि पावसाळ्यासाठी कमी वेगाचा वेगळा प्रोग्राम केला. रोबोच्या प्रोग्रामच्या यादीत त्याचं नाव आजही मराठीत 'पावसाळा' असं आहे.

वाटाघाटीच्या टेबलावर मी ही हकीगत नेहमी सांगतो, कारण तिची किंमत रुपयांत निघते: दोन दिवसांची लाईन बंद. तुमच्या लोकांच्या हातात जे ज्ञान आहे ते कंपनीला लागणार आहे, आणि सर्वांत जास्त लागणार आहे ते बसवणीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत. एकदा वेल्डरचा हात रोबोत उतरला की त्या ज्ञानाची किंमत शून्यावर येते. म्हणून आधी सही, मग हात दाखवायचा. कोणाची अडवणूक करायची म्हणून हे सांगत नाही. विकत घेतलेल्या मशीनचे पैसे व्हेंडरला आगाऊ मिळतात, मग तिला शहाणपण देणाऱ्याचा हिशेब नंतर का?

निवड कशी होते तिकडे बारीक लक्ष ठेवा. इंग्रजीतली ऑनलाईन चाचणी ठेवली की चाळिशीवरचे सगळे बाद. चाचणी मशीनवर घ्या, मराठी किंवा हिंदीत, आणि नापास झाल्यास पुन्हा दोन संधी द्या, असं आम्ही लिहून घेतो. पेंडंटचा मेन्यू इंग्रजीत असतो, त्यातले रोज लागणारे शब्द पंचवीस-तीसच असतात. एका ठिकाणी आमच्या पोरांनी त्यांचा मराठी तक्ता करून रोबोभोवतीच्या कुंपणावर लावला. वर्ग पाळी सुटल्यावर ठेवू देऊ नका. बदलापूर-कर्जतहून येणारा माणूस पाळीनंतर दोन तास थांबला तर घरी कधी पोहोचणार? बायका तर थांबूच शकत नाहीत, आणि मग 'बायकांना शिकायचंच नसतं' असा शेरा तयार. शिकण्याचे तास हे कामाचे तास, पूर्ण पगार आणि उत्पादन भत्त्यासकट.

कंपनी शिकवण्याआधी भीती घालवण्याचं काम युनियन स्वतः करू शकते. ओळखीच्या आयटीआयमधल्या निदेशकाला गाठा, रोबोटिक्सची लॅब असेल तर सुट्टीच्या दिवशी पंधरा-पंधरा जणांना नेऊन हात लावू द्या. चुनाभट्टीला केंद्र सरकारची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे, तिथेही विचारा. परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची राज्य सरकारची श्रमविज्ञानाची संस्था आहे, तिथे कमिटी मेंबरांनी करार आणि कायद्याचे वर्ग करावेत. लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. त्या रविवारी रोबो शिकायला जाताना हे पोरांना जरूर सांगा.

आता कंत्राटी माणसांबद्दल, आणि हे मी जरा कळकळीने लिहितोय. पॅकिंगच्या रोबोमुळे तुमच्या ३४० मधल्या एकाचीही नोकरी जाणार नाही, हे एचआरचं वाक्य खरं ठरू शकतं. जातील त्या कंत्राटी बायका. त्यांना नोटीस नाही, भरपाई नाही, ठेकेदार फक्त सांगतो, सोमवारपासून येऊ नका. आठ-दहा वर्षं त्याच टेबलावर काम केलेल्या बाईचं नाव कंपनीच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये कामगार म्हणून नसतं. गोदीत नोंदणीबाहेरच्या माणसाचं जे झालं तेच इथे होतं. कायम कामगारांच्या बऱ्याच कमिट्या म्हणतात, ते आपले सभासद नाहीत. मी म्हणतो, त्यांना सभासद करा, आणि आत्ताच. ते जमेपर्यंत निदान एवढं मागा: रोबोमुळे कमी होणाऱ्या कंत्राटी जागांची यादी, त्यांना वर्षभर आधी सूचना, आणि कंपनीत पुढे कुठलीही जागा निघाली तर आधी त्या यादीतून भरणं. लोडिंगला माथाडी असतील तर त्यांच्या टोळीच्या मुकादमाला आणि त्यांच्या युनियनला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना बोर्ड, लेव्ही (मालकाने मजुरीवर बोर्डाकडे भरायची जादा रक्कम), फंड, बोनस मिळाला. पॅलेट रोबोकडे गेला की त्या लेव्हीची आवक घटते, आणि मग दोन युनियनमध्ये भांडण लावून देणं मॅनेजमेंटला सोपं जातं.

रोबोच्या पुढे-मागे जो माणूस उरतो त्याच्याकडेही बघा. पूर्वी चौघं एकमेकांना सांभाळून घ्यायचे, एकजण पाणी प्यायला गेला की दुसरा ओढायचा. आता रोबो ठरलेल्या सेकंदाला पीस मागतो. तिथे रिलीव्हर, म्हणजे थोडा वेळ जागा सांभाळणारा बदली माणूस, नसेल तर बाथरूमला जाणंसुद्धा लाईन थांबवण्याचा गुन्हा होतो. सायकल टाईम, म्हणजे एका पीसला ठरलेला वेळ, युनियनच्या सहीशिवाय बदलायचा नाही आणि दर पाच-सहा स्टेशनांमागे एक रिलीव्हर, या दोन गोष्टी पगारवाढीच्या आकड्याइतक्या ताणून धरा. रोबो आणि त्याचे कॅमेरे माणसाच्या प्रत्येक उशिराची नोंद ठेवतात. ती नोंद शिस्तीच्या कारवाईत वापरायची नाही, हेही लिहून घ्या.

सुरक्षेत तडजोड नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या एका कास्टिंग प्लांटमध्ये रॅकवरचे सुटे भाग काढायला चढलेल्या कामगाराला रोबोचा हात लागून तो मेला. कुंपण, दार उघडलं की रोबो थांबवणारा इंटरलॉक, कोणी आत शिरलं की रोबो थांबवणारा लाईट कर्टन (प्रकाशाचा पडदा) आणि आत जाणाऱ्याचं स्वतःचं कुलूप हे सगळं पहिल्या दिवसापासून हवं. उत्पादनाचा ताण आला की कोणीतरी इंटरलॉकला लोहचुंबक लावून दार उघडं ठेवतं. आपल्याच माणसाने केलं तरी त्याला पाठीशी घालू नका. कुंपण नसलेला, माणसाशेजारीच काम करणारा कोबॉट आणला तर तो हातात काय धरणार ते विचारा. हात सावकाश फिरतो हे खरं, पण त्याच्या टोकाला पत्र्याची धार असेल तर सावकाशसुद्धा कापतो.

बाहेर काय चाललंय याचे दाखले जवळ ठेवा, टेबलावर उपयोगी पडतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी १९६० मध्ये यांत्रिकीकरण मान्य केलं, पण बदल्यात मालकांकडून निधी घेतला, ज्यातून जुन्या कामगारांना पगाराची हमी आणि लवकर निवृत्तीची रक्कम मिळाली. लास व्हेगासच्या हॉटेल कामगारांच्या युनियनने २०१८ च्या करारात नवीन तंत्रज्ञानाची १८० दिवसांपर्यंत आधी सूचना आणि मोफत प्रशिक्षण लिहून घेतलं. आपल्या कायद्यातले २१ दिवस त्यापुढे काहीच नाहीत. करारात मात्र सहा महिने मागायला कायदा आडवा येत नाही. आणि 'आपल्याकडे अजून कुठे रोबो' असं म्हणणाऱ्या सभासदाला सांगा, २०२३ या एका वर्षात भारतात ८,५१० औद्योगिक रोबो बसले, आदल्या वर्षाहून ५९ टक्क्यांनी जास्त.

पगारवाढ आणि रोबो एकाच मागणीपत्रात घाला. 'रोबोचं नंतर बघू' म्हणणाऱ्यांची मागणी मला कळते, घराचे हप्ते असतात, पोरांच्या फिया असतात. पण मार्चमध्ये तीन-चार वर्षांचा करार झाला की तेवढा काळ तुमच्याकडे ताणायला काही उरत नाही, आणि रोबो वर्षभरात येतायत. एकदा सही झाल्यावर मॅनेजमेंट तुमच्याशी रोबोवर बोलेल ते फक्त सौजन्य म्हणून. शक्य असेल तर समझोता कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर करा, ज्याला आपण जुन्या कायद्यातल्या कलमावरून वर्षानुवर्षं १२(३) म्हणत आलो, म्हणजे तो सभासद असो-नसो, सगळ्यांना बांधील राहतो.

या आठवड्यात दोन कामं करा. पहिलं, मॅनेजमेंटला पत्र: सहा रोबोंची ऑर्डर कोणत्या तारखेला दिली किंवा देणार आहात, प्रस्तावात किती मनुष्यबळ कमी दाखवलंय, मेंटेनन्स कोणाकडे, आणि चर्चेसाठी तारीख. पोच घ्या, शिक्का मारून. दुसरं, एक वही घेऊन वेल्डिंग आणि पॅकिंगमध्ये प्रत्येक माणसाजवळ पाच मिनिटं उभे राहा: वय, शिक्षण, किती वर्षं, काय काय येतं, काय शिकायचंय. आम्ही हे केलं तेव्हा बारा वेल्डरांतले तीन जण घरी टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारे निघाले, एकाने रात्रशाळेतून इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केलेला होता आणि ते एचआरला माहीतच नव्हतं. वहीची सुरुवात पॅकिंगच्या कंत्राटी बायकांपासून करा. त्यांची पूर्ण नावं, आणि त्या कोणत्या वर्षापासून त्या टेबलावर आहेत ते, त्यांनाच विचारून लिहा, कारण ते दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसणार.